पलीकडच्याला पडदा दिसत नाही

गोव्याच्या बारा तालुक्यांची नावं एका फाइलीत उतरवा, प्रत्येक नावासमोर एक आकडा ठेवा, आणि सी भाषेतल्या प्रिंटएफ या छापायच्या साध्या आज्ञेला सांगा की नावाला वीस घरं, म्हणजे वीस अक्षरांची जागा, दे, मग आकडा छाप. हा प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवर चालवून आपल्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, बघितला की गंमत दिसते. केपे हे सगळ्यात आखूड नाव, पण त्याचा आकडा दहा घरं सोडून उभा. धारबांदोडा सगळ्यात लांब, त्याचा आकडा नवव्या घरानंतर लगेच, नावाला चिकटून. बार्देशचा तर पाचच घरांनंतर. रकाना म्हणायचा तो पहिल्या पावसानंतरच्या कुंपणासारखा कलंडलेला.

यात बिघडलेलं काहीच नाही. प्रिंटएफने बाइट (संगणकाच्या साठवणीचं एकक) मोजले, आपण अक्षरं मोजतो आणि टर्मिनल घरं मोजतं. तिघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या, आणि पडदा प्रत्यक्ष दिसतो तो आपल्या एकट्याला. सर्व्हरला तो कधीच दिसत नाही. पलीकडे अमुक रुंदीचा, अमुक रंगांचा, अमुक अक्षरं येणारा पडदा आहे अशी एक समजूत त्याला कुणीतरी करून दिलेली असते आणि त्या समजुतीवर तो लिहीत सुटतो. दूरच्या टर्मिनलवर दिसण्याच्या म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या समजुतीत सापडतं. ती एक तर कधी करूनच दिलेली नसते, किंवा शिळी झालेली असते.

(कमांडांची नावं इथे आपण बोलतो तशी लिहिली आहेत. कीबोर्डवर ती रोमन अक्षरांतच मारायची.)

सुरुवातीला समजुतीचा प्रश्नच नव्हता. १९६३ सालचं टेलिटाइप मॉडेल ३३ हे कागदावर छापणारं यंत्र, सेकंदाला दहा अक्षरं, ओळीत बहात्तर. छापलं ते छापलं. लिनक्समध्ये आजही टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतात ते याच टेलिटाइपवरून. पुढे काचेचे पडदे आले आणि मागे जाऊन खोडता येऊ लागलं. तिथून प्रत्येक कंपनीची खोडण्याची, कर्सर हलवण्याची आपापली खूण सुरू झाली. १९७८ साली डेक या संगणक कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल आलं: २४ ओळी, ८० रकाने, आणि एस्केप अक्षरापासून सुरू होणाऱ्या प्रमाणित खुणा. ऐंशी रकान्यांची सवय त्याआधीच छिद्रांच्या कार्डांनी लावलेली होती. आज आपल्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी म्हणजे, रंगरंगोटी सोडली तर, त्या व्हीटी१००चंच सोंग आहे.

तारेचा वेग त्या काळी काय होता याचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. ९६०० बॉडच्या (बॉड हे तारेच्या वेगाचं माप) सिरियल लाइनवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. २४ गुणिले ८० म्हणजे १९२० अक्षरं, म्हणून पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद. ३०० बॉडच्या मॉडेमवर तोच पडदा चौसष्ट सेकंद घेतो. बिल जॉयने व्हीआय हा संपादक लिहिला तो अशाच ३०० बॉडच्या मॉडेमवर, त्यामुळे त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत आणि पडद्याचा बदललेला तुकडाच पुन्हा काढायची त्याची धडपड असते. पण काय बदललं हे ठरवायचं तर पलीकडच्या पडद्यावर आत्ता काय आहे याची नक्कल स्वतःजवळ ठेवावी लागते. कर्सेस नावाची लायब्ररी हेच करते. नक्कल आणि अस्सल यांच्यात एका घराचा जरी फरक पडला, तरी पुढचं सगळं एका घराने चुकत जातं. हे वाक्य देवनागरीपाशी पुन्हा लागणार आहे.

समजूत करून द्यायची सोय प्रोटोकॉलांत, म्हणजे दोन मशीनांच्या बोलण्याच्या नियमांत, सावकाश आली. दूरच्या मशीनवर काम करायच्या टेलनेट या जुन्या प्रोटोकॉलचं आजचं प्रमाण १९८३चं. खिडकीचा आकार कळवायची सोय त्यात १९८८ साली आली, टर्मिनलचं नाव कळवायची आजची पद्धत १९८९ साली. तेच काम सुरक्षितपणे करणारं एसएसएच हे फिनलंडच्या तातू यलोनेनने १९९५ साली लिहिलं, ते पासवर्ड चोरीला जात होते म्हणून. पण दिसण्याची बाजूही त्यात नीट बसवलेली आहे. २००६ सालच्या प्रमाणात टर्मिनल मागण्याची एक विनंती आहे. तिच्यात टर्मिनलचं नाव, रुंदी अक्षरांत, उंची ओळींत, तीच मापं पिक्सेलांत, आणि कोणती कळ काय करते याची यादी, एवढं जातं. रंग किती, फाँट कोणता, देवनागरी येते का, यातलं काहीही जात नाही. ते सगळं 'नाव' या एका शब्दातून ओळखायचं. एखाद्याच्या आडनावावरून त्याच्या घरी मासे शिजतात की नाही ते ठरवावं, तसला प्रकार.

आकाराचं काम त्यातल्या त्यात चोख आहे. आपण खिडकी ओढून मोठी केली की क्लायंट, म्हणजे आपल्याकडचा एसएसएच प्रोग्राम, एक छोटा निरोप पाठवतो, सर्व्हरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) समोर चालू असलेल्या प्रोग्रामला सिगविंच नावाचा इशारा देतो, प्रोग्राम नवं माप विचारून पुन्हा चित्र काढतो. बिघडतं ते तीन ठिकाणी. राउटर किंवा सर्व्हरच्या सिरियल कन्सोलला हा निरोप पोचवायला मार्गच नाही. तिथे माप शून्य बाय शून्य असतं किंवा २४ बाय ८० गृहीत धरतात. मग लांब कमांड टाइप करताना ओळ खाली न जाता स्वतःवरच चढते. अशा वेळी 'एसटीटीवाय साइझ' मारून सर्व्हरची समजूत काय आहे ते बघा, आणि 'एसटीटीवाय रोज ५० कॉल्स १६०' असं खरं माप हाताने सांगा. 'रिसाइझ' नावाचा प्रोग्राम असेल तर तो ही विचारपूस स्वतः करतो: कर्सरला मुद्दाम कोपऱ्याच्याही पलीकडे ढकलतो आणि मग टर्मिनललाच विचारतो की कुठे जाऊन अडकलास. ही युक्ती मला फार आवडते. न दिसणाऱ्या खोलीत भिंतीपर्यंत चालत जाऊन पावलं मोजावीत तशी.

दुसरी जागा टीमक्सची, म्हणजे लाइन तुटली तरी सर्व्हरवरचं सत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामची. एकाच सत्राला ऑफिसातला मोठा मॉनिटर आणि घरचा छोटा लॅपटॉप दोन्ही जोडलेले राहिले, तर टीमक्सला एकच माप निवडावं लागतं. ते लहान निवडलं गेलं की मोठ्या पडद्यावर उरलेल्या जागेत ठिपके भरलेले दिसतात आणि लोक सर्व्हरला शिव्या घालतात. 'टीमक्स अटॅच डॅश डी' ने जोडलं की जुना जोड तुटतो आणि माप आपलं राहतं. तिसरी जागा अगदी साधी: एसएसएचच्या ओळीतच पुढे कमांड लिहिली तर टर्मिनल मागितलंच जात नाही. 'टॉप' सारखा पडदाभर काढणारा प्रोग्राम मग टर्म ठरलेला नाही म्हणून रुसतो. त्याला 'डॅश टी' लावायचं.

नावाची गोष्ट जास्त त्रासाची. 'टर्म' या चलात (व्हेरिएबलमध्ये) जे नाव असेल ते सर्व्हर स्वतःच्या टर्मइन्फो नावाच्या कोशात शोधतो. 'एक्सटर्म' म्हटलं तर आठ रंग, 'एक्सटर्म-२५६कलर' म्हटलं तर दोनशे छप्पन्न. हे २५६ म्हणजे जुने सोळा, सहाच्या घनाचे दोनशे सोळा आणि राखाडीच्या चोवीस छटा. किटीसारखं नवं टर्मिनल आपलं खरं नाव सांगतं, पण पाच-सात वर्षं जुन्या सर्व्हरच्या कोशात ते नाव नसतं. परिणाम: 'हे टर्मिनल ओळखीचं नाही' अशी ओळ, बॅकस्पेस मारला की अक्षर पुसण्याऐवजी रिकामी जागा पुढे सरकते, फाइल वाचायचं 'लेस' उघडलं तर तक्रार करतं. घाईचा उपाय म्हणजे 'एक्सपोर्ट टर्म इज इक्वल टू एक्सटर्म-२५६कलर'. बरा उपाय म्हणजे आपल्याकडची नोंदच तिकडे पोचवायची: इकडे 'इन्फोकम्प डॅश एक्स' ने ती छापायची, पाइपने एसएसएचमधून नेऊन तिकडे 'टिक डॅश एक्स डॅश' ला द्यायची. एकदाच करायचं, त्या खात्यापुरतं कायम राहतं.

आणि एक करू नये ते. शेलच्या, म्हणजे आपल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, सुरुवातीच्या फाइलीत टर्मचं नाव ठोकून बसवलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं. त्या दिवशी त्याने रंग आले असतील, पण पुढे टीमक्सच्या आत, सिरियलवर, फोनवरच्या क्लायंटमध्ये सगळीकडे सर्व्हर तीच थाप खरी मानून चालतो. टीमक्सच्या आत नाव 'टीमक्स' किंवा 'स्क्रीन' पासून सुरू होणारंच हवं, कारण तिथे सर्व्हरवरच्या प्रोग्रामसमोरचा पडदा आपला नसतो, टीमक्सचा असतो. पूर्ण रंगांचं, म्हणजे लाल-हिरवा-निळा प्रत्येकी २५६ पायऱ्या, ते आणखी वेगळं. ते बरेच प्रोग्राम 'कलरटर्म' हे चल बघून ठरवतात, आणि एसएसएच ते चल आपण सांगितल्याशिवाय पलीकडे नेत नाही. क्लायंटकडे 'सेंडएन्व्ह' आणि सर्व्हरकडे 'अॅक्सेप्टएन्व्ह', दोन्हीकडे त्याचं नाव घातलं तरच जातं.

चौकटीच्या जागी एल, क्यू, क्यू, क्यू, के अशी अक्षरं कधी दिसली असतील. व्हीटी१००मध्ये रेघा काढायच्या तर दुसरा अक्षरसंच लावायची खूण पाठवून हीच अक्षरं पाठवायची: एल म्हणजे वरचा डावा कोपरा, क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स म्हणजे उभी. खूण टर्मिनलने मानली नाही की मागे नुसती अक्षरं उरतात. याची उलटी तऱ्हा म्हणजे चुकून एखादी चित्राची फाइल 'कॅट' ने पडद्यावर छापली, तिच्यात चौदा क्रमांकाचा बाइट होता, आणि त्यानंतर प्रॉम्प्टच रेघोट्यांत दिसायला लागला. खिडकी बंद करायची गरज नाही. दिसत नसलं तरी कंट्रोल-जे, मग 'रिसेट', मग पुन्हा कंट्रोल-जे. माउस ऐकणारा एचटॉप चालू असताना लाइन तुटली आणि नंतर माउस क्लिक केला की आकडे आणि अर्धविराम पडायला लागले, तर तिथेही हेच. आपलं टर्मिनल अजून माउसचे क्लिक कळवतंय, ऐकणारा मात्र उठून गेलेला.

आता देवनागरी. इथे जरा थांबावं लागेल.

पहिली पायरी लोकेलची, म्हणजे भाषा आणि अक्षरसंकेताच्या सेटिंगची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंकेतात तीन बाइट घेतं. सर्व्हरचं लोकेल 'सी' असेल तर त्याच्या लेखी ते तीन अनोळखी बाइट. 'एलएस' मग फाइलचं नाव उलट्या तिरप्या रेघांमधून ३४०, २४४ असे अष्टमान आकडे लावून दाखवतो. आपलंच टर्मिनल लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या संकेतावर बसलेलं असेल तर दुसरं दृश्य: डोक्यावर तिरकी खूण असलेला रोमन 'ए', मग चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं, मग आणखी काहीतरी, आणि हे प्रत्येक चिन्हागणिक. जुनी पोर्तुगीज कागदपत्रं चाळलेल्यांना तो खूण लावलेला 'ए' ओळखीचा वाटेल. लॅटिन-१ मध्ये पोर्तुगीज भाषा पूर्ण बसते. आपली लिपी तिथे बसायचा प्रश्नच नव्हता. पोर्तुगीज १९६१ साली गेले. लॅटिन-१ मात्र जुन्या पुटीच्या (विंडोजवरचा एसएसएच क्लायंट) सेटिंगमध्ये बरीच वर्षं ठाण मांडून होतं.

उपाय ठरलेला आहे. 'लोकेल' मारून बघा. आपल्या मशीनवर मराठीचं लोकेल असेल, डेबियन-उबुंटूचा क्लायंट ते पलीकडे कळवतो, आणि पलीकडे ते तयार केलेलंच नसेल, तर तिकडे गाडी 'सी' वर घसरते. 'लोकेल डॅश ए' ने काय उपलब्ध आहे ते दिसतं. काहीच नसेल तर 'सी डॉट यूटीएफ-८' लावून भागतं. मॅकवरून जाणाऱ्यांची एक खास अडचण आहे. तिथलं टर्मिनल 'एलसी-सीटाइप' मध्ये नुसतं 'यूटीएफ-८' लिहून पाठवतं, आणि लिनक्सला त्या नावाचं लोकेल माहीत नसतं. टर्मिनलच्या सेटिंगमधली ते पाठवण्याची खूण काढून टाकली की झालं.

हे सगळं जमल्यावर खरा घोळ सुरू होतो, तो घरांचा. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटींचा कागद. इंग्रजी अक्षराला एक घर, चिनी अक्षराला दोन. देवनागरीत काय करायचं? लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीचा हिशोब असा आहे: व्यंजन आणि स्वर यांना एक घर. वर-खाली लागणाऱ्या खुणा, म्हणजे उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त, यांना शून्य. आणि बाजूला जागा घेणारे काना, वेलांटी, काना-मात्रा यांना एक. 'पेडणे' मध्ये दोन्ही मात्रा वर, म्हणून तीन अक्षरं, तीन घरं, सगळं सुखात. 'केपे' दोन अक्षरं, दोन घरं. 'डिचोली' मध्ये तिन्ही अक्षरांना बाजूची खूण, म्हणून अक्षरं तीन आणि घरं सहा. 'तिसवाडी' चार अक्षरं, सात घरं. 'बार्देश' मध्ये र् ला एक घर आहे, पण हाताने लिहिताना तो र दे च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, म्हणजे एक घर रिकामं पडतं. ते टर्मिनलने कसं भरायचं?

साधं एक्सटर्म भरतच नाही. ते प्रत्येक चिन्ह आपापल्या घरात मांडतं. र् पाय मोडलेला वेगळा, दे वेगळा. 'डिचोली' तली पहिली वेलांटी ड च्या आधी दिसायला हवी, ती नंतरच्या घरात जाऊन पडते. अक्षरांची जोडणी करणारं हार्फबझ वापरणाऱ्या टर्मिनलांत जोडाक्षर जुळतं, पण ते दोन घरांत ताणून किंवा एका बाजूला सरकवून बसवावं लागतं, त्यामुळे शब्दात मध्येच फट दिसते. बहुभाषी म्हणून लिहिलेलं एमएलटर्म भारतीय लिप्यांकडे जास्त लक्ष देतं. यातलं कुणी आळशी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. चौकटींचा कागद हीच मुळात व्हीटी१००ची देणगी, आणि रफार चौकटीत मावत नाही.

त्रास खरा वाढतो तो हिशोबाची टेबलं एकापेक्षा जास्त असतात म्हणून. सर्व्हरवरच्या शेलचं एक टेबल, मधल्या टीमक्सचं एक, आपल्या टर्मिनलचं एक. कान्याला कुणी एक घर देतो, कुणी शून्य. 'काणकोण' टाइप करून डावीकडे बाण मारत गेलं की कर्सर भलत्याच अक्षरावर उभा राहतो. बॅकस्पेस मारत गेलं की ओळीच्या सुरुवातीला एखादं अक्षर पुसल्यानंतरही दिसत राहतं. कर्सेसची ती नक्कल आणि अस्सल, एका घराचा फरक, तो हाच. कंट्रोल-एल ने पडदा नव्याने काढून घेतला की तात्पुरतं सावरतं.

रकान्यांचा कलंडलेला हिशोबही आता लागतो. सी चा प्रिंटएफ बाइट मोजतो: केपे बारा बाइट, त्याला आठ रिकाम्या जागा, दिसणारी दोन घरं धरून आकडा दहानंतर. धारबांदोडा तीस बाइट, वीसच्या कधीच पुढे, रिकामी जागा शून्य, दिसणारी घरं नऊ. बार्देश एकवीस बाइट, म्हणून तोही वीसच्या पलीकडे गेला आणि पाच घरांतच आटपला. पायथनमध्ये केलं तर तो बाइट न मोजता चिन्हं मोजतो. तिथे केपेचा आकडा अठरा घरांनंतर येतो, धारबांदोड्याचा एकोणीस, तिसवाडीचा वीस. सुधारलं, पण सरळ नाहीच. घरं मोजणारं हत्यार हवं: मध्ये टॅब ठेवून छापा आणि 'कॉलम डॅश टी' मधून काढा, त्याचा हिशोब घरांचा असतो. मी मात्र याहून गावठी उपाय सुचवीन. आकडे आधी छापा, नाव शेवटच्या रकान्यात. शेवटच्या रकान्यानंतर सरळ उभं राहायला कुणी नसतंच.

पावसाळ्यातला प्रश्न निराळा. जून ते सप्टेंबर माडाचं झावळ तारेवर पडायचा अवकाश, वीज जाते, राउटर बंद होऊन पुन्हा उठतो, बाहेरून दिसणारा पत्ता बदलतो. एसएसएचची जोडणी टीसीपी या नेटवर्कच्या प्रोटोकॉलवर असते आणि टीसीपीला हे कळायला वेळ लागतो. पडदा गोठून बसतो. गोठलेला पडदा बघून खिडकीच बंद करायची सवय सोडा: एंटर, मग लहरी रेघ म्हणजे टिल्डे, मग टिंब. क्लायंट तिथल्या तिथे जोडणी तोडतो. त्याआधी एकदा कंट्रोल-क्यू मारून बघा, कारण घाईत कंट्रोल-एस दाबला गेला असेल तरी पडदा अगदी असाच थांबतो, आणि त्यात पावसाचा काही दोष नसतो. क्लायंटच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' तीस ठेवलं की तीन निरोपांना उत्तर आलं नाही तर दीड-दोन मिनिटांत तो स्वतःच हात वर करतो. मूळ सेटिंग शून्य असतं, म्हणजे विचारपूसच नाही.

याच्या पुढची पायरी मॉश. एमआयटीच्या कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ साली मांडलेला हा प्रोटोकॉल मला या सगळ्या विषयातला सगळ्यात शहाणा वाटतो. त्याने प्रश्नच फिरवला. बाइटांचा प्रवाह पोचवण्याऐवजी पडद्याची स्थिती पोचवायची. सर्व्हरवर एक टर्मिनल स्वतः पडदा मांडून बसतं. मध्ये लाइन गेली, हजार ओळी सरकल्या, तरी परत आल्यावर आत्ताचा पडदा तेवढा पाठवायचा. पलीकडच्याला पडदा दिसत नाही या दुखण्यावर हा रामबाण नसला, तरी निदान नक्कल आणि अस्सल सतत ताडून बघितली जाते. तो यूडीपीवर, म्हणजे कायमची जोडणी न धरणाऱ्या प्रोटोकॉलवर, चालतो, म्हणून वायफायवरून मोबाइलवर गेलं तरी सत्र तुटत नाही. अमेरिकेतल्या सर्व्हरवर काम असेल तर आणखी एक फायदा: फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे. मॉश तोवर आपण दाबलेलं अक्षर अंदाजाने दाखवून टाकतो, आणि लाइन संथ असेल तर खाली रेघ मारून, की हे अजून पक्कं नाही.

किंमतही आहे. मॉशमध्ये मागे सरकवून जुन्या ओळी बघता येत नाहीत, कारण त्याच्याकडे पडदाच असतो, इतिहास नसतो. म्हणून आत टीमक्स हवंच. दोन्हीकडे यूटीएफ-८ लोकेल नसेल तर तो सुरूच होत नाही. फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६०००० ते ६१००० यांतले पोर्ट उघडावे लागतात, आणि ऑफिसच्या नेटवर्कवाल्यांना हे पटवणं हा स्वतंत्र विषय आहे. पूर्ण रंग त्यात १.४ आवृत्तीपासून आहेत.

अक्षरांऐवजी चित्रच पाठवलं तर? मग घरांचा घोळ मिटतो आणि दुसरे सुरू होतात. एक्स विंडो हा १९८४ साली एमआयटीत जन्मलेला प्रकार. 'एसएसएच डॅश एक्स' ने सर्व्हरवरच्या प्रोग्रामची खिडकी आपल्या डेस्कटॉपवर उघडते. सर्व्हरवर एक्सऑथ हा परवानगी सांभाळणारा प्रोग्राम नसेल तर उघडत नाही, हे पहिलं बघायचं. उघडली तरी ती हळू का चालते? एक्स बोलका आहे. प्रोग्राम विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढचं विचारतो. बेतीहून फेरीबोटीने पणजीला जायचं, नारळाचा भाव विचारायचा, परत यायचं, घरी सांगायचं, मग किती आणू हे विचारून पुन्हा फेरी पकडायची, असा कारभार. एकामागून एक शंभर प्रश्न आणि प्रत्येक फेरी सव्वाशे मिलिसेकंदांची, म्हणजे एक मेनू उघडायला साडेबारा सेकंद. बोट रुंद करून, म्हणजे जास्त वेगाचं नेट घेऊन, यात काही फरक पडत नाही. ऑफिसच्या आतल्या लॅनवर एक्स वापरा, समुद्रापार नको.

व्हीएनसी, म्हणजे दूरचा अख्खा डेस्कटॉप चित्र म्हणून आणणारा प्रकार, उलट फार कमी बोलतं. क्लायंट म्हणतो बदल पाठव, सर्व्हर बदललेले आयत पाठवतो. न दाबता पाठवायचं तर १९२० बाय १०८० चा एक पडदा आठ मेगाबाइटांच्या वर जातो, सेकंदाला तीस म्हणजे जवळपास दोन गिगाबिट. म्हणून एनकोडिंगवर, म्हणजे चित्र दाबायच्या पद्धतीवर, सगळी मदार. टाइट एनकोडिंग जेपेग वापरतं आणि जेपेग बारीक अक्षरांच्या कडा खातं. इंग्रजी वाचता येतं. देवनागरीत मात्र अनुस्वार आहे की नाही, ष की प, हे कळेनासं होतं. मजकुराचं काम असेल तर जेपेग बंद करा किंवा दर्जा वर न्या, मग वेग कमी झाला तरी चालेल. समोर दोन मॉनिटर असलेलं मशीन व्हीएनसीने पाहिलं तर ३८४० रुंदीची एकच पट्टी येते आणि लॅपटॉपवर ती आकसून मुंगीच्या अक्षरांत दिसते.

मॉनिटरांचं नीट बघितलं आहे ते विंडोजच्या आरडीपीने, म्हणजे दूरचा डेस्कटॉप आणणाऱ्या प्रोटोकॉलने. आधीच्या आवृत्तीत दोन पडदे जोडून एक लांब पडदा करायचे, आणि संवाद-चौकट नेमकी दोघांच्या मधल्या फटीत उघडायची. विंडोज ७ पासून प्रत्येक मॉनिटर वेगळा कळवला जातो, सोळापर्यंत. तीनपैकी दोनच द्यायचे असतील तर 'एमएसटीएससी स्लॅश एल' ने त्यांचे क्रमांक बघा आणि आरडीपी फाइलीत 'सिलेक्टेडमॉनिटर्स' च्या ओळीत ते लिहा. ते एकमेकांना लागून असायला हवेत, आणि यादीत पहिला येईल तो सत्रातला मुख्य पडदा.

आरडीपीत फाँट सर्व्हरचा असतो, अक्षरजोडणीही तिथेच होते, म्हणून बार्देशचा रफार अगदी जागेवर येतो. बिघाड रंगांत लपलेला असतो. व्हिडिओच्या पद्धतीने दाबताना चार पिक्सेलांना मिळून एकच रंग नोंदवतात, उजेड मात्र चौघांचा वेगळा. सिनेमात हे कळत नाही. निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं मात्र भिजल्यासारखी फुटतात. विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून प्रत्येक पिक्सेलचा रंग पाठवायची सोय आहे, ती सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत एव्हीसी ४४४ ला प्राधान्य देऊन चालू करावी लागते. लाइन तेवढी पेलत नसेल, आणि चवथीच्या आसपास ती पेलत नाहीच, तर एक्स्पीरियन्सच्या पानावर फाँट स्मूदिंग तेवढं चालू ठेवा, भिंतीवरचं चित्र, सावल्या आणि ॲनिमेशन काढून टाका. तक्त्यातली लाल अक्षरं काळी करा. धारबांदोडा मग शेवटच्या कान्यापर्यंत वाचता येतो.